ध्वनिपातळी मापक रेकॉर्डरला जोडून ढोल-ताशा सरावाची मोजमापासह नोंद कशी करावी?

धागाकर्ती : ढोलवादक_पुणे

नमस्कार.

मी पुण्यातील एका ढोल-ताशा पथकात ढोल वाजवते आणि पथकाच्या व्यवस्थेचे कामही पाहते. गणेशोत्सवाआधी आमचा सराव नदीकाठच्या एका मोकळ्या जागेत संध्याकाळी चालतो आणि रात्री दहाच्या बऱ्याच आधी थांबतो. तरीही समोरच्या इमारतींतील रहिवाशांना त्रास होतो, हे त्यांनी आम्हाला येऊन समंजसपणे सांगितले आहे. त्यांच्या घरापर्यंत नेमका किती आवाज पोहोचतो, त्यात ढोलाचा वाटा किती आणि ताशाचा किती, वादकांची तोंडे दुसरीकडे वळवली किंवा ताशांची रांग हलवली तर काय फरक पडतो, या प्रश्नांची उत्तरे अंदाजाने न देता मोजून द्यावीत, असा पथकाचा निर्णय आहे.

नुसता आकडा लिहून ठेवल्याने हे काम भागणार नाही, असे मला वाटते. मापकावर ८२ दिसले तर तो आवाज ताशाचा होता की त्याच क्षणी पुलावरून गेलेल्या बसच्या हॉर्नचा, हे नंतर सांगता येत नाही. उलट नुसते ध्वनिमुद्रण ठेवले तर आवाज कशाचा हे कळते, पण तो किती डेसिबलचा होता हे कळत नाही. म्हणून मापकातूनच निघणारा संकेत रेकॉर्डरमध्ये घ्यावा, असा विचार आहे.

आमच्याकडे क्लास २ चा (अचूकतेच्या दुसऱ्या श्रेणीचा) ध्वनिपातळी मापक आहे. त्याच्या बाजूला ३.५ मिमीचा एक जॅक आहे आणि माहितीपुस्तिकेत ‘एसी आउटपुट : रेंजच्या कमाल पातळीला १ व्होल्ट, डीसी आउटपुट : प्रति डेसिबल १० मिलिव्होल्ट’ एवढेच लिहिले आहे. त्यावर ३० ते ८०, ५० ते १०० आणि ८० ते १३० डेसिबल अशा तीन रेंज आहेत, ए आणि सी वेटिंग (कोणती वारंवारिता किती वजनाने मोजायची, ती पद्धत) निवडता येते. ध्वनिमुद्रणासाठी हातात मावणारा २४ बिटचा रेकॉर्डर आहे. त्याला एक्सएलआर आणि ३.५ मिमी, अशा दोन्ही प्रकारच्या इनपुट आहेत. शिवाय लॅपटॉप आणि मोबाइल आहेच.

एसी आणि डीसी यांपैकी कोणते आउटपुट घ्यावे, केबल कोणती लागेल, रेकॉर्डरची कोणती इनपुट वापरावी, आणि मुद्रित फाइलवरून डेसिबलचा खरा आकडा कसा काढावा, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

प्रतिसाद : ध्वनिमुद्रक_जुना

आपला प्रश्न फार चांगला मांडला आहे आणि हेतूही तितकाच चांगला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्याला आवाज कशाचा आहे हे ओळखायचे आहे, तेव्हा एसी आउटपुट घ्यावे. या आउटपुटवर मायक्रोफोनने पकडलेला ध्वनीच विद्युतसंकेताच्या रूपात येतो आणि तो हेडफोन लावून ऐकताही येतो. डीसी आउटपुटवर ध्वनी नसतो. पडद्यावर दिसणारा आकडाच तिथे व्होल्टेजच्या रूपात मिळतो, म्हणजे ६५ डेसिबलला ०.६५ व्होल्ट. ध्वनीच्या रेकॉर्डरमध्ये इनपुटलाच डीसी अडवणारा कपॅसिटर असतो, त्यामुळे ते आउटपुट रेकॉर्डरला जोडले तर फाइलमध्ये जवळजवळ काहीच उमटत नाही.

केबल हा यातला सर्वांत सोपा भाग आहे, पण जॅक नीट पाहून घ्यावा. मापकाचा जॅक साधा दोन-भागी म्हणजे मोनो असेल आणि आपण त्यात तीन-भागी स्टिरिओ पिन घातली, तर एका बाजूला संकेत आणि दुसऱ्या बाजूला ग्राउंड मिळते; त्यात बिघडत काही नाही, एक चॅनेल शांत राहतो इतकेच. काही मापकांत मात्र एकाच तीन-भागी जॅकवर एसी आणि डीसी अशी दोन्ही आउटपुट वेगवेगळ्या कड्यांवर काढलेली असतात. तिथे मोनो पिन घातली तर त्यांतले एक आउटपुट ग्राउंडला शॉर्ट होते, जे टाळले पाहिजे. साधा मल्टिमीटर घेऊन मापक सुरू असताना प्रत्येक कडीवर काय येते ते एकदा तपासा, म्हणजे शंका उरणार नाही. तयार केबल मिळाली नाही तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत पिना आणि शील्डची वायर घेऊन ती सोल्डर करून घेणे कठीण नाही.

रेकॉर्डरची लाइन इन वापरावी, माइक इन टाळावी. माइक इनला काही मिलिव्होल्टचा संकेत अपेक्षित असतो आणि आपला मापक कमाल पातळीला १ व्होल्ट देतो; इतका मोठा संकेत तिथे गेला की लाटेची टोके कापली जातात आणि ती फाइल मोजमापाच्या कामाची राहत नाही. एक्सएलआरमधूनच जायचे असेल तर पिन २ वर संकेत, पिन १ आणि ३ एकत्र करून ग्राउंड अशी जोडणी करावी, आणि केबल लावण्याआधी ४८ व्होल्टची फॅन्टम पॉवर (रेकॉर्डर माइकला केबलमधून देतो तो वीजपुरवठा) बंद आहे याची खात्री करावी. ते ४८ व्होल्ट मापकाच्या आउटपुटवर उलटे गेले तर त्यातला शेवटचा ॲम्प्लिफायर जळू शकतो. नाइलाजाने माइक इन वापरावीच लागली तर मध्ये १० किलोओहम आणि १०० ओहम अशा दोन रेझिस्टरचा विभाजक घालावा. त्याने संकेत सुमारे ४० डेसिबलने खाली येतो.

यानंतरचे सांगणे मात्र मी आग्रहाने सांगतो, कारण सगळे मोजमाप त्यावरच उभे राहते. रेकॉर्डरमधील ऑटो गेन, लिमिटर, लो कट, नॉइज रिडक्शन हे सगळे बंद करावे. ऑटो गेन चालू असेल तर रेकॉर्डर शांत क्षणी आवाज वाढवतो आणि ढोल सुरू झाला की कमी करतो, म्हणजे आपल्याला जो फरक मोजायचा आहे तोच पुसून टाकतो. लो कट चालू राहिला तर ढोलाची खालची पट्टी निघून जाते. फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट डब्ल्यूएव्ही स्वरूपात घ्यावी, एमपी३ घेऊ नये. गेनचे बटण एकदा ठरवले की त्यावर चिकटपट्टी लावून ठेवावी.

मग कॅलिब्रेटर लागतो. मायक्रोफोनवर टोपीसारखे बसणारे हे छोटे उपकरण १ किलोहर्ट्झचा स्थिर स्वर ठरावीक पातळीला देते. बहुतेकांची पातळी ९४ डेसिबल असते, म्हणजे १ पास्कल ध्वनिदाब. सराव सुरू होण्याआधी, सगळी जोडणी झाल्यावर, गेन ठरल्यावर आणि रेंज निवडल्यावर हा स्वर अर्धा-एक मिनिट त्याच फाइलमध्ये मुद्रित करावा. समजा, संगणकावर त्या भागाची सरासरी पातळी फाइलच्या कमाल पातळीच्या (शून्याच्या) खाली, उणे २६ डेसिबल आली, तर याचा अर्थ या फाइलपुरता उणे २६ म्हणजे ९४, आणि म्हणून फाइलमधील कोणत्याही आकड्यात १२० मिळवले की खरे डेसिबल मिळतात. सरावाच्या एखाद्या भागाची पातळी उणे ४८ भरली तर तिथे ७२ डेसिबल होते. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये आरएमएस (ऊर्जेच्या हिशेबाची सरासरी पातळी) मोजण्याची सोय आहे आणि ती पुरेशी आहे. स्वर आणि सराव दोन्ही एकाच साधनाने मोजावेत, कारण शून्य पातळी कुठे धरायची याबद्दल निरनिराळ्या सॉफ्टवेअरमध्ये ३ डेसिबलचा फरक असू शकतो.

हा स्वर मुद्रित न करता केवळ ‘कमाल पातळीला १ व्होल्ट’ या वाक्यावरून गणित मांडण्याचा मोह होतो. मापकाच्या आउटपुटचा अंतर्गत रोध ६०० ओहम आणि लाइन इनचा १० किलोओहम असेल, तर संकेत जोडणीतच अर्ध्या डेसिबलने घटतो. रेकॉर्डरच्या गेनच्या खुणांचा नेमका अर्थ कुठे लिहिलेला नसतो. स्वर फाइलमध्ये असला की मायक्रोफोनपासून फाइलपर्यंतची प्रत्येक घट-वाढ त्यातच मोजली जाते आणि त्यातल्या कशाचीही वेगळी माहिती असावी लागत नाही. सराव संपल्यावर तोच स्वर पुन्हा घ्यावा. सुरुवातीच्या आणि शेवटच्या स्वरात अर्ध्या डेसिबलहून अधिक फरक असेल तर त्या संध्याकाळची नोंद बाजूला ठेवावी.

आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा : स्वर घेतल्यानंतर मापकाची रेंज बदलू नका. रेंज बदलली की एसी आउटपुटचे प्रमाणही बदलते. ५० ते १०० या रेंजमध्ये ९४ डेसिबलला सुमारे अर्धा व्होल्ट येतो, आणि ८० ते १३० मध्ये त्याच ९४ ला जेमतेम १६ मिलिव्होल्ट. पडद्यावरचा आकडा दोन्ही वेळा ९४ च असतो, त्यामुळे पाहणाऱ्याला काही कळत नाही, पण फाइलमध्ये ३० डेसिबलची पायरी पडते.

---

प्रतिसाद : सर्किटवाला

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. डीसी आउटपुटबद्दल थोडी भर घालतो, कारण ते अगदी निरुपयोगी आहे असा समज होऊ नये. दिवसभराचा आलेख हवा असेल आणि ऐकण्याची गरज नसेल तर डीसी आउटपुट फार सोयीचे असते. एडीएस१११५ हे १६ बिटचे छोटे मॉड्यूल आणि एखादा साधा मायक्रोकंट्रोलर एवढ्यावर काम होते. प्रति डेसिबल १० मिलिव्होल्ट हे प्रमाण त्या मॉड्यूलला सहज वाचता येते. मापक फास्टवर (जलद प्रतिसादावर) असेल तर त्याचा काळ १२५ मिलिसेकंदांचा असतो, म्हणून सेकंदाला निदान आठ नोंदी घ्याव्यात.

या नोंदींची सरासरी काढताना डेसिबलचे आकडे सरळ बेरीज करून भागू नयेत. निम्मा वेळ ८० आणि निम्मा वेळ ६० डेसिबल असेल तर साध्या सरासरीने ७० येतात, पण ऊर्जेच्या हिशेबाने समतुल्य पातळी ७७ असते. प्रत्येक आकड्याला १० ने भागून तो १० चा घातांक करावा, त्यांची सरासरी घ्यावी आणि मग तिचा लॉगॅरिदम घेऊन १० ने गुणावे. एसी आउटपुटवरून मुद्रित केलेल्या फाइलचा आरएमएस काढताना हे काम आपोआप होते.

---

धागाकर्ती : ढोलवादक_पुणे

दोघांचेही मनापासून आभार. कॅलिब्रेटर एका परिचितांकडून मिळाला आहे आणि इथे सांगितल्याप्रमाणे केबलही तयार करून घेतली आहे. मैदानावर जाण्याआधी घरी चाचणी केली, त्यातून पुढच्या शंका आल्या आहेत.

हाताच्या रेकॉर्डरवर मुद्रण स्वच्छ आले, पण तोच मापक लॅपटॉपला जोडला तर मागे सतत घूं असा आवाज राहतो. लॅपटॉप वापरण्याचा हेतू इतकाच होता की पातळी मोठ्या पडद्यावर दिसावी. दुसरे, मोबाइलला थेट जोडता आले तर पथकातील इतरांनाही हे काम करता येईल. तो मार्ग कितपत विश्वासार्ह आहे?

तिसरी शंका अधिक महत्त्वाची आहे. मापकावर ए निवडलेले असताना घरातच ढोल वाजवून पाहिला. आकडा मी समजत होते त्यापेक्षा बराच कमी आला. सी निवडल्यावर तो एकदम चढला. छातीत जाणवणारी थाप ए वेटिंगमध्ये मोजलीच जात नाही का? आणि मुद्रणासाठी मापक कशावर ठेवावा?

---

प्रतिसाद : सर्किटवाला

घूं हा ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटींचा हम आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवून पाहा. हम गेला तर कारण ग्राउंड लूप (दोन उपकरणांच्या ग्राउंडमधून फिरणारा प्रवाह) किंवा चार्जरची गळती हेच आहे. मापकही ॲडॅप्टरवर न चालवता बॅटरीवरच चालवावा. चार्जर लावणे भागच असेल तर मध्ये एकास एक प्रमाणाचा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा, मात्र कॅलिब्रेशनचा स्वर तो ट्रान्सफॉर्मर जोडल्यानंतरच घ्यावा. चार्जरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय काही जण सुचवतात. तो धोकादायक आहे, करू नये.

हम कुठून येतो हे शोधण्याची सोपी रीत अशी : रेकॉर्डरच्या बाजूच्या पिनेत संकेत आणि ग्राउंड शॉर्ट करून थोडे मुद्रण करावे, मग मापक जोडून पण बंद ठेवून करावे, आणि शेवटी मापक सुरू करून शांत खोलीत करावे. तिन्ही पातळ्या शेजारी ठेवल्या की दोष रेकॉर्डरचा, केबलचा की मापकाचा, ते स्पष्ट होते.

मोबाइलला ही केबल थेट जोडू नये, असे माझे मत आहे. त्याच्या चार-भागी जॅकवरील माइकची इनपुट हेडसेटच्या माइकसाठी असते. फोन त्यावर स्वतःचे व्होल्टेज सोडतो आणि समोरच्या रोधावरून हेडसेट कोणता आहे हे ओळखतो. त्यावर ऑटो गेन आणि नॉइज सप्रेशन चालू असते आणि ते पूर्ण बंद झाले की नाही हे ॲपवर अवलंबून राहते. मोबाइलच वापरायचा असेल तर लाइन इन असलेला छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस ओटीजी केबलने जोडावा. मग सगळे काम त्या इंटरफेसमध्ये होते आणि फोन केवळ फाइल साठवतो. आपल्याकडे रेकॉर्डर चांगला आहे, तेव्हा हा खर्च करण्याची गरज मला दिसत नाही.

---

प्रतिसाद : ध्वनिमुद्रक_जुना

वेटिंगचा प्रश्न या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे, म्हणून त्यावर सावकाश लिहितो.

ए वेटिंग कानाच्या संवेदनशीलतेशी जुळवलेले असल्याने खालच्या वारंवारिता त्यात फार घटवल्या जातात. १ किलोहर्ट्झला ए आणि सी दोन्हींत काहीच घट नसते. म्हणूनच कॅलिब्रेटरचा स्वर कोणत्याही वेटिंगवर ९४ च दाखवतो. १२५ हर्ट्झला ए मध्ये १६ डेसिबल आणि ६३ हर्ट्झला तब्बल २६ डेसिबल वजा होतात, तर सी मध्ये ६३ हर्ट्झलाही एक डेसिबलपेक्षा कमी घट असते. ढोलाच्या थापीची बरीच शक्ती या खालच्या पट्टीत असते आणि ताशाची वरच्या पट्टीत. त्यामुळे आपल्याला दिसलेला फरक खरा आहे. त्याच वेळी घेतलेल्या सी आणि ए आकड्यांतील अंतर हेच ढोलाच्या खालच्या पट्टीचे प्रमाण सांगणारे चांगले लक्षण आहे. बंद खिडकीच्या आत बसलेल्या माणसाला ताशा पुष्कळ कमी ऐकू येतो, पण थाप जाणवत राहते, याचे कारणही तेच आहे : काच आणि भिंत वरच्या वारंवारिता अडवतात, खालच्या तितक्या अडवत नाहीत.

ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० यांतील मर्यादा ए वेटिंगमधील समतुल्य पातळीच्या आहेत. निवासी भागासाठी सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रासाठी ५० आणि ४०. त्यामुळे ए चा आकडा आपल्याला लागणारच. पण रहिवाशांच्या त्रासाचे कारण समजून घ्यायचे तर सी हवाच. दोन्ही एकाच मुद्रणातून मिळवण्याचा मार्ग असा, की मापक सी वर ठेवून मुद्रण करावे आणि ए चा आकडा नंतर संगणकावर फिल्टर लावून काढावा. जे मुद्रित झाले आहे त्यातून खालची पट्टी नंतर कमी करता येते. जी मुद्रणाआधीच कमी केली ती परत आणायची तर तिच्यासोबत उपकरणांचा गोंगाटही तितकाच वर येतो.

मात्र यासाठी आपल्या मापकाचे एसी आउटपुट वेटिंगच्या आधी काढलेले आहे की नंतर, हे कळले पाहिजे. पुस्तिकेत ते दिलेले नाही असे दिसते, पण चाचणी पाच मिनिटांची आहे. स्पीकरवर १०० हर्ट्झचा स्थिर स्वर लावा, मापक त्याच्यासमोर ठेवा आणि खोलीत हालचाल न करता मुद्रण सुरू ठेवून मापक सी वरून ए वर न्या. फाइलमधील पातळी सुमारे १९ डेसिबलने उतरली तर आउटपुट वेटिंगनंतरचे आहे. ती जिथल्या तिथे राहिली तर आउटपुट सपाट आहे आणि बटण कशावरही असले तरी मुद्रणाला फरक पडत नाही.

हमच्या बाबतीतही याचा संबंध येतो. केबलमधून शिरणारा ५० हर्ट्झचा हम मापकाच्या वेटिंगनंतर मिसळलेला असतो. मापक ए वर ठेवून मुद्रण केले तर तो हम आहे तसाच बेरजेत धरला जातो. सी किंवा सपाट मुद्रणावर नंतर ए फिल्टर लावला तर ५० हर्ट्झला ३० डेसिबलची घट होते आणि हमचा ए च्या आकड्यावरचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो.

आता रेंजबद्दल. ढोल आणि ताशा दोन्ही आघातवाद्ये आहेत. त्यांच्या लाटेची टोके सरासरी पातळीपेक्षा १५ ते २० डेसिबल वर जातात. मापक फास्टवर ९५ दाखवत असला तरी टोके ११० च्या पुढे असू शकतात, आणि १०० पर्यंतच्या रेंजमध्ये ती मापकाच्या आउटपुटवरच कापली जाण्याची शक्यता असते. असे कापलेले टोक कोणत्याही रेकॉर्डरने सांधता येत नाही; ३२ बिट फ्लोटचा रेकॉर्डर असला तरी नाही, कारण नुकसान त्याच्या आधीच झालेले असते. म्हणून मैदानाच्या कडेला मोजताना ८० ते १३० ही रेंज घ्यावी आणि इमारतीपाशी ५० ते १००. प्रत्येक जागी कॅलिब्रेशनचा स्वर नव्याने घ्यावा. पडद्यावर ओव्हरची खूण उमटली तर त्या क्षणाची वेळ वहीत लिहावी. बोलून नोंद करू नये, आपला आवाज मापकात जातो.

---

धागाकर्ती : ढोलवादक_पुणे

१०० हर्ट्झची चाचणी केली. सी वरून ए वर नेल्यावर फाइलमधील पातळी साधारण १९ डेसिबलने उतरली, म्हणजे आउटपुट वेटिंगनंतरचे आहे. यापुढे मुद्रण सी वरच करू. लॅपटॉप बॅटरीवर चालवल्यावर हमही गेला, तरी मैदानावर रेकॉर्डरच वापरणार आहोत.

आता शेवटच्या दोन गोष्टी विचारते. मुद्रणाचा हा सारा खटाटोप बरोबर झाला आहे, हे पडताळण्याची काही रीत आहे का? आणि तुलना कशाकशाची करावी, म्हणजे पथकासमोर ठोस मांडता येईल? वादकांची संख्या निम्मी करावी, असा एक प्रस्ताव आधीपासून आहे. पत्र्याची आड उभारावी, असाही एक आहे.

---

प्रतिसाद : ध्वनिमुद्रक_जुना

पडताळणीसाठी स्पीकरवर पिंक नॉइज (खालपासून वरपर्यंत सगळ्या वारंवारिता असलेला सलग खळखळाट) लावा आणि मापक सी व स्लोवर (संथ प्रतिसादावर) ठेवून आकडा वाचा. त्याच मिनिटाच्या मुद्रणावरून काढलेली पातळी त्या आकड्याशी एका डेसिबलच्या आत जुळली पाहिजे. मग त्याच मुद्रणावर संगणकात ए फिल्टर लावून येणारा आकडा मापकावरील ए च्या आकड्याशी ताडून पाहा. दोन्ही जुळले तर आपली जोडणी, कॅलिब्रेशन आणि फिल्टर या तिन्ही गोष्टी एकदम तपासल्या जातात. पडद्यावरचा आकडा आणि मुद्रण एकाच मायक्रोफोनमधून येत असल्यामुळे खोलीच्या घुमण्याचा या तुलनेवर परिणाम होत नाही.

प्रस्तावांबद्दल : वादक निम्मे केले तर बाकी सर्व सारखे राहून सुमारे ३ डेसिबलच कमी होतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले तर सुमारे ६ डेसिबल कमी होतात. म्हणून जागा असेल तर पथक मागे सरकवण्याची तुलना आधी करावी. कोणालाही न वगळता ती करता येते, आणि मला स्वतःला हे महत्त्वाचे वाटते. पत्र्याच्या आडीचा ताशावर चांगला परिणाम दिसेल, कारण १ किलोहर्ट्झची लाट जेमतेम ३४ सेंटिमीटर लांब असते. ६३ हर्ट्झची लाट मात्र साडेपाच मीटरच्या आसपास असते आणि ती साध्या उंचीच्या आडीवरून सहज वळून पलीकडे जाते. आडीचा फायदा ए मध्ये दिसेल आणि सी मध्ये फारसा दिसणार नाही, असा माझा अंदाज आहे. आपल्या मुद्रणातून तो तपासता येईल. वादकांची तोंडे वळवण्याचेही तसेच आहे.

प्रत्येक तुलनेसाठी तोच ताल, तेवढेच वादक आणि तेवढाच वेळ ठेवावा, आणि मध्ये दोन-तीन मिनिटे पथक पूर्ण थांबवून परिसराचा स्वतःचा आवाज मुद्रित करावा. पुलावरची वाहतूकच ६५ असेल तर ६७ च्या नोंदीत पथकाचा वाटा किती, हे त्याशिवाय काढता येणार नाही.

---

प्रतिसाद : सर्किटवाला

मैदानावर उपयोगी पडतील अशा काही बारीक गोष्टी सांगून ठेवतो. बऱ्याच मापकांत काही मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. ती कशी काढायची हे पुस्तिकेत पाहून घ्या, नाहीतर मुद्रणाच्या मध्यावर संकेत तुटेल. मापक हातात न धरता तिपाईवर सुमारे सव्वा ते दीड मीटर उंचीवर ठेवावा, स्पंजची टोपी लावावी, आणि केबलची एक सैल कडी तिपाईला बांधून ठेवावी, म्हणजे वाऱ्याने केबल हलून पिनेचा खरखराट मुद्रणात येणार नाही. मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवावी आणि गणित तिच्या प्रतीवर करावे. नॉर्मलाइझचे (फाइलची पातळी आपोआप बदलणारे) बटण दाबले की कॅलिब्रेशनचा संबंध तुटतो.

रहिवाशांच्या गॅलरीत मोजणार असाल तर मागच्या भिंतीवरून परतणाऱ्या ध्वनीमुळे आकडा ३ डेसिबलपर्यंत वाढलेला असतो. तिथे मोजू नये असे नाही, उलट त्रास तिथेच होतो. पण तिपाईची जागा खडूने आखून ठेवावी, भिंतीपासूनचे अंतर वहीत लिहावे आणि प्रत्येक वेळी मापक त्याच खुणेवर ठेवावा.